पेशी चिडवायच्या कशा, मोजायच्या कशा: दाहाचा पहिला प्रयोग

संधिवात, क्रोनचा आजार, सोरायसिस. दुखणारे अवयव वेगळे असले तरी प्रयोगशाळेत या तिघांकडे जाणारी वाट बहुतेक वेळा एकाच प्रयोगातून जाते. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना जिवाणूच्या कवचाचा तुकडा द्यायचा आणि त्या चिडून किती टीएनएफ, किती आयएल-६ सोडतात ते मोजायचे. ही दोन्ही सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना दाहाचा इशारा देण्यासाठी सोडलेली प्रथिने. टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोनच्या आजारासाठी मंजूर झाले. त्यामुळे पेशी किती टीएनएफ बनवतात हा प्रश्न थेट रुग्णाच्या औषधाशी जोडला गेला आहे.

कवचाचा तुकडा म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड. सगळे त्याला एलपीएस म्हणतात, आणि तो नको तिथे सापडला की एंडोटॉक्सिन म्हणतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यात तो असतो आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याला टीएलआर-४ या ग्राहकाने (रिसेप्टरने) ओळखतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने एलपीएसला दाद न देणाऱ्या उंदरांमध्ये नेमके याच ग्राहकाचे जनुक बिघडल्याचे दाखवले. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो या कामासाठी.

प्रयोग कागदावर सोपा आहे, पेशी सोप्या नाहीत. धोका ओळखणे हेच मोनोसाइटचे काम असल्यामुळे थंडी, दामटून केलेले पिपेटिंग, चुकीचे प्लास्टिक, बफरमधला एंडोटॉक्सिनचा अंश, सगळेच त्याला धोका वाटते. म्हणून या प्रयोगाचा खरा कस एलपीएस घातलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) लागत नाही. काहीच न घातलेली वेल गप्प राहिली का, ते आधी बघायचे. खालच्या पायऱ्यांतली बरीचशी काळजी त्या एका वेलसाठी आहे.

रक्त येण्याआधी

नैतिक समितीची मंजुरी आणि रक्तदात्याची लेखी संमती हातात असल्याशिवाय सुई टोचायची नाही. मानवी रक्तावर काम करणाऱ्याने हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. काम जैवसुरक्षा पातळी २ च्या हूडमध्ये, आणि प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच करायचे. टाकाऊ द्रव ताज्या ब्लीचमध्ये (अंतिम हायपोक्लोराइट ०.५ टक्के) निदान अर्धा तास ठेवून मग ओतावा. स्वतःच्या किंवा बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या पेशी वाढवू नका. आपल्याच पेशी सुईच्या टोकावरून परत शरीरात गेल्या, तर प्रतिकारसंस्था त्यांना परक्या समजत नाही.

एलपीएसच्या बाबतीत तर आणखी सावध. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत ताप आणण्यासाठी किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एलपीएस शिरेतून पुरते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ते २४० नॅनोग्रॅम. तुमच्या १ मिलिग्रॅम प्रति मिलि स्टॉकच्या एका मायक्रोलिटरमध्ये १,००० नॅनोग्रॅम असतात. त्या स्टॉकजवळ सुई नको आणि हातमोजा फाटका नको.

रक्त सोडियम हेपरिनच्या, हिरव्या टोपणाच्या नळीत घ्या. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळीही चालते, पण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवते, त्यामुळे पेशी नीट धुतल्या नाहीत तर प्रतिसाद मंदावतो. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करा, हलवून फेस काढू नका. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. नवखा माणूस 'खराब होऊ नये' म्हणून रक्त थंड करतो. थंडीने प्लेटलेट जाग्या होतात आणि मोनोसाइटना चिकटतात. १८ ते २२ अंश सेल्सियसला ठेवा आणि आठ तासांच्या आत काम सुरू करा. शिळ्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते आणि त्या जिथे येऊ नयेत त्या थरात येतात.

फायकॉलवर रक्त चढवणे

१९६८ मध्ये नॉर्वेच्या आर्ने बॉयुम यांनी मांडलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच चालते. फायकॉल या साखरेच्या पॉलिमरच्या द्रावणाची घनता २० अंशांना १.०७७ ग्रॅम प्रति मिलि असते. लिम्फोसाइट (टी पेशी त्यांतल्याच) आणि मोनोसाइट त्याहून हलके, म्हणून वर तरंगतात. लाल पेशींचे फायकॉलमुळे गोळे होतात आणि त्या ग्रॅन्युलोसाइटसह तळाला जातात. वर तरंगणाऱ्या या मिश्रणाला पीबीएमसी म्हणतात. त्यात निम्म्याहून अधिक टी पेशी असतात, मोनोसाइट साधारण १० ते ३० टक्के.

२० मिलि रक्तासाठी ५० मिलिच्या दोन ट्यूब लागतात.

१. फायकॉल, पीबीएस (फॉस्फेट-मिठाचे बफर) आणि सेंट्रिफ्यूज तिन्ही २० अंशांवर आणा. फायकॉलची बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरली, तर लाल पेशींचे गोळे सावकाश होतात आणि पेशींचा थर लालसर येतो.

२. रक्तात तेवढेच पीबीएस मिसळा. पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेले, त्यात २ मिलिमोलर ईडीटीए.

३. प्रत्येक ट्यूबमध्ये १५ मिलि फायकॉल घ्या आणि त्यावर २० मिलि पातळ केलेले रक्त चढवा.

४. २० अंशांवर ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट बल), ३० मिनिटे. वेग हळू वाढू द्या, ब्रेक पूर्ण बंद.

तिसरी पायरी वाचायला एका ओळीची आहे आणि बहुतेकांचा पहिला प्रयोग तिथेच बिघडतो, म्हणून जरा जवळून पाहू. ट्यूब ४५ अंशांत तिरकी धरा. पिपेटचे टोक फायकॉलच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, ट्यूबच्या भिंतीला टेकवा. पहिले २-३ मिलि अगदी सावकाश, भिंतीवरून घरंगळत जाईल असे सोडा. खाली स्वच्छ फायकॉल, वर लाल, आणि मध्ये धारदार रेघ दिसली पाहिजे. थर एकदा बसला की पुढचे रक्त थोडे वेगाने सोडता येते, आणि जसजशी पातळी चढेल तसतशी ट्यूब सरळ करत न्यायची. पिपेटर 'मंद' वर ठेवा. शेवटचा थेंब फुंकून काढायचा मोह आवरा, त्या एका बुडबुड्याने रेघ मोडते. रेघेच्या जागी लालसर ढग दिसला तर ती ट्यूब फिरवून उपयोग नाही. सगळे रक्त काढा, पीबीएसने धुऊन पुन्हा चढवा. हात बसेपर्यंत दुसरा मार्गही आहे. आधी पातळ रक्त ट्यूबमध्ये घ्या आणि लांब पिपेटने तळाशी फायकॉल सोडत जा, रक्त आपोआप वर उचलले जाते.

चौथ्या पायरीतली गफलत आरपीएमची. दुसऱ्याच्या वहीतले '१,५०० आरपीएम' आपल्या यंत्रावर निरुपयोगी आहेत, कारण बल रोटरच्या त्रिज्येवर ठरते. सूत्र असे: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १७ सेंमी असेल तर ४०० जीसाठी साधारण १,४५० आरपीएम. वहीत नेहमी जी लिहा. ब्रेक चालू राहिला तर रोटर शेवटी झटका देऊन थांबतो आणि अर्ध्या तासात जमलेले थर एका क्षणात ढवळतात.

कडे उचलणे, धुणे, मोजणे

ट्यूब बाहेर काढल्यावर वरून खाली पिवळसर प्लाझ्मा, मग दुधी पांढरे कडे (पीबीएमसी यातच असतात), पारदर्शक फायकॉल आणि तळाला गडद लाल थर दिसतो. कडे नसेल, नुसता धूसर पट्टा असेल, तर ब्रेक किंवा तापमान तपासा. वरचा बराचसा प्लाझ्मा काढून टाका, कड्याच्या वर सेंटिमीटरभर राहू द्या. मग पाश्चर पिपेटचे टोक कड्यावर टेकवून भिंतीलगत गोल फिरवत पेशी ओढून घ्या. हावरटपणा इथे नडतो. कडे पूर्ण यावे म्हणून जास्त फायकॉल ओढले तर पुढच्या धुण्यात द्रव जड होऊन पेशी तळाला बसतच नाहीत, आणि सोबत ग्रॅन्युलोसाइटही येतात.

गोळा केलेल्या पेशी पॉलिप्रोपिलीनच्या ट्यूबमध्ये घ्या. पॉलिस्टायरीनला मोनोसाइट चिकटतात, आणि आपल्याला हवे असलेले टीएनएफ तर बहुतांशी तेच सोडतात. ५० मिलिपर्यंत पीबीएस भरा, ३०० जी, १० मिनिटे. वरचे पाणी ओता, गोळी बोटाने टिचकी मारून सुटी करा. दुसरे धुणे २०० जी, १० मिनिटे. या कमी वेगात पेशी बसतात आणि प्लेटलेट बऱ्याचशा वरच राहतात. गोळी लालसर असेल तर लाल पेशी फोडणारे अमोनियम क्लोराइडचे बफर ३ ते ५ मिनिटे द्या, लगेच भरपूर पीबीएस घाला, पुन्हा धुवा. फिकट गुलाबी छटा तशीच सोडली तरी चालते. प्रत्येक जादा बफर म्हणजे पेशींना आणखी एक धक्का.

आता १० मिलि पूर्ण माध्यमात पेशी घ्या. पूर्ण माध्यम म्हणजे आरपीएमआय १६४०, त्यात ५६ अंशांना ३० मिनिटे तापवलेला गर्भवासराचा सीरम १० टक्के, एल-ग्लुटामिन २ मिलिमोलर, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. सीरम विकत घेताना 'कमी एंडोटॉक्सिन' लिहिलेला लॉट मागा आणि एक लॉट संपेपर्यंत तोच वापरा.

मोजण्यासाठी १० मायक्रोलिटर पेशी आणि १० मायक्रोलिटर ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत चकाकतात. समजा हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत जिवंत पेशी ९२, १०४, ९८ आणि १०६ आल्या. सरासरी १००. गुणिले २ (रंगाने पातळ झाल्यामुळे), गुणिले १०,०००. म्हणजे २० लाख प्रति मिलि, आणि १० मिलिमध्ये २ कोटी. रक्ताच्या दर मिलिमागे १० ते २० लाख पेशी मिळाल्या की हात बसला समजा. जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या वर हव्यात. ९० च्या खाली गेल्या तर त्या दिवशी प्लेट लावू नका, मरणाऱ्या पेशी स्वतःच इतरांना चिडवतात.

एंडोटॉक्सिन: न बोलावलेला पाहुणा

या क्षेत्रात चुकीचे निष्कर्ष जितके एंडोटॉक्सिनमुळे निघाले तितके क्वचितच दुसऱ्या कशामुळे निघाले असतील. हीट शॉक प्रथिने मोनोसाइटना थेट चिडवतात, असे एके काळी बरेच लिहिले गेले. पुढे त्यातला मोठा भाग ई. कोलायमध्ये तयार केलेल्या प्रथिनासोबत आलेल्या एलपीएसचा निघाला. तुम्ही तपासत असलेले प्रथिन जिवाणूत बनवलेले असेल तर ही शंका पहिल्या दिवसापासून मनात ठेवा.

ऑटोक्लेव्हवर विश्वास टाकू नका. १२१ अंशांच्या वाफेने जिवाणू मरतात, त्यांचे एलपीएस राहते. काचेचे सामान २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत निदान ३० मिनिटे ठेवावे लागते. प्लास्टिक 'पायरोजेन-मुक्त' लिहिलेलेच घ्या. पाणी तर नक्कीच प्रयोगशाळेच्या नळाचे नको. गाळणीच्या टाकीत जिवाणूंचा थर बसला असेल तर निर्जंतुक दिसणाऱ्या पाण्यातही एंडोटॉक्सिन असते.

तपासणीसाठी लिम्युलस चाचणी वापरतात. जिवाणूंमुळे हॉर्सशू खेकड्याचे रक्त गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवले, आणि त्यातूनच ही चाचणी पुढे आली. १ एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे साधारण १०० पिकोग्रॅम एलपीएस. मोनोसाइट दहा-वीस पिकोग्रॅम प्रति मिलिलाही दाद देऊ शकतात, त्यामुळे '१ युनिटपेक्षा कमी' असे लेबल पाहून निर्धास्त होऊ नका. तुमच्या वेलमध्ये ते किती पातळ होऊन पोचते याचा हिशेब करा. बुरशीच्या भिंतीतले बीटा-ग्लुकनही ही चाचणी खोटीच होकारार्थी आणू शकते.

दुसरा पडताळा पेशींवरच घ्यायचा. पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि दिले की ते एलपीएसला बांधते. तुमच्या प्रथिनाचा 'परिणाम' त्याने विरघळला तर तो प्रथिनाचा नव्हता. उलटे मात्र खरे नाही. पॉलिमिक्सिन-बी लायपोपेप्टाइड या जिवाणूच्या दुसऱ्या घटकाला अडवत नाही, त्यामुळे परिणाम टिकला म्हणजे प्रथिन शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी प्रथिन उकळून द्या. उकळल्यावर प्रथिनाचे काम सहसा जाते, एलपीएसचे राहते. उकळलेला नमुना तितकाच चिडवत असेल तर उत्तर मिळाले.

प्लेट लावणे

९६ वेल्सची चपट्या तळाची प्लेट घ्या. कडेच्या ३६ वेल्समध्ये २०० मायक्रोलिटर पीबीएस भरून ठेवा, तिथले माध्यम आधी सुकते आणि आकडे वाकडे येतात. आतल्या ६० वापरायच्या. ६ तास आणि २४ तास या दोन वेळांसाठी दोन वेगळ्या प्लेट करा. एकच प्लेट पुन्हापुन्हा बाहेर काढली की तापमान हलते.

एलपीएसचा स्टॉक काढल्यावर निदान एक मिनिट व्हॉर्टेक्स करा, सोय असेल तर पाण्याच्या सोनिकेटरमध्ये पाच मिनिटे ठेवा. हा रेणू पाण्यात गुच्छ करून राहतो आणि प्लास्टिकला चिकटतो. नुसती ट्यूब उलटी करून घेतलेला स्टॉक रोज वेगळा निघतो. पातळ करायचे ते पूर्ण माध्यमातच, सीरममुळे चिकटणे कमी होते. १ मिलिग्रॅम प्रति मिलिचा १० मायक्रोलिटर आणि ९९० माध्यम, झाले १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. त्यातला ४० आणि ९६० माध्यम, झाले ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलि. पुढे १०० अधिक ९०० असे तीनदा करा: ४०, ४, ०.४. वेलमध्ये हे चौपट पातळ होऊन १००, १०, १ आणि ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलि उरतात. दरवेळी टिप बदला.

प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर पेशी टाका. २० लाख प्रति मिलिच्या द्रावणातून म्हणजे २ लाख पेशी. पेशी वाटताना ट्यूब सतत हलवत राहा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या रांगेत पेशींची संख्या सारखी राहत नाही. वर ५० मायक्रोलिटर माध्यम किंवा औषध (चौपट तीव्र), एक तास इन्क्युबेटरमध्ये, मग ५० मायक्रोलिटर एलपीएस. एकूण २००. प्रत्येक प्रकाराच्या तीन वेल्स:

- एलपीएस ०, ०.१, १, १०, १०० नॅनोग्रॅम (शून्याला ५० मायक्रोलिटर माध्यम द्यायचे, वेल कमी भरून सोडायची नाही)
- पॉलिमिक्सिन-बी एकटे, आणि पॉलिमिक्सिन-बीसह एलपीएस १०
- डेक्सामेथासोन (दाह दाबणारे स्टेरॉइड) १०० नॅनोमोलरसह एलपीएस १०
- डेक्सामेथासोन ज्यात विरघळवले ते द्रावक, तेवढेच, एलपीएस १० सह (डीएमएसओ असेल तर ०.१ टक्क्याच्या आत)

एका प्लेटवर २७ वेल्स झाल्या, दोन्हींवर ५४, म्हणजे १ कोटी ८ लाख पेशी. २ कोटींत आरामात बसते. डेक्सामेथासोनने टीएनएफ आणि आयएल-६ दोन्ही स्पष्ट खाली आले पाहिजेत. आले नाहीत तर पुढे तुमच्या नव्या औषधाने काही खाली येते की नाही हे या प्लेटवर कळणार नाही.

३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. टीएनएफ ४ ते ६ तासांत शिखर गाठते, आयएल-६ २४ तासांपर्यंत साठत जाते, आयएल-१० उशिरा येते. आयएल-१ बीटाचे गणित वेगळे आहे. एलपीएसने त्याचे कच्चे रूप पेशीत तयार होते, पण ते कापून बाहेर टाकायला इन्फ्लमासोम (पेशीतले ते कापणारे यंत्र) जागा व्हावा लागतो. मॅक्रोफाजमध्ये (ऊतींतल्या भक्षक पेशी) त्यासाठी शेवटी ५ मिलिमोलर एटीपी अर्धा तास किंवा नायजेरिसिन देतात. माणसाचे मोनोसाइट नुसत्या एलपीएसवरही थोडे आयएल-१ बीटा सोडतात, त्यामुळे उंदराच्या मॅक्रोफाजसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी उचलू नका.

वेळ झाली की प्लेट ३०० जीवर ५ मिनिटे फिरवा आणि तळ न खरवडता १५० मायक्रोलिटर वरचे द्रव काढा. दोन छोट्या ट्यूबमध्ये विभागून उणे ८० अंशांवर ठेवा. एकीत टीएनएफ मोजायचे, दुसरीत आयएल-६, म्हणजे कोणताच नमुना दोनदा वितळणार नाही. उरलेल्या पेशींवर रेझाझुरिन (जिवंत पेशींत रंग बदलणारे द्रव्य) टाकून त्या जिवंत आहेत का ते पाहा. 'औषधाने दाह ८० टक्के कमी झाला' अशा बातमीमागे कधीकधी औषधाने पेशी ८० टक्के मारल्या एवढेच असते.

कोणती पेशी टीएनएफ बनवते हे बघायचे असेल तर वेगळ्या वेल्समध्ये ब्रेफेल्डिन-ए घालून सायटोकाइन पेशीतच अडवतात आणि फ्लो सायटोमीटरवर रंगवून पाहतात. त्या वेल्सचे द्रव एलायझाला (द्रवातले सायटोकाइन मोजणारी चाचणी, पुढे येते) वापरायचे नाही, बाहेर काही आलेलेच नसते.

एलायझा

१९७१ मध्ये एव्हा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनी एलायझा मांडली. आज आपण वापरतो ती सँडविच पद्धत. तळाला एक अँटिबॉडी सायटोकाइन पकडते, वरून दुसरी, बायोटिन लावलेली, त्याला ओळखते. किटच्या पत्रकातले आकडे पाळा. सर्वसाधारण क्रम असा असतो.

पकडणारी अँटिबॉडी १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, १०० मायक्रोलिटर, रात्रभर. प्लेट 'हाय-बाइंडिंग' हवी, कल्चरची प्लेट चालत नाही. सकाळी ०.०५ टक्के ट्वीन-२० असलेल्या पीबीएसच्या ३०० मायक्रोलिटरने तीनदा धुवा, मग १ टक्के बीएसएने (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) तासभर ब्लॉक करा, म्हणजे प्लेटच्या रिकाम्या जागा झाका. पुन्हा धुऊन स्टँडर्ड (माहीत मात्रेचे सायटोकाइन) आणि नमुने १०० मायक्रोलिटर, दोन तास. धुणे. बायोटिनची अँटिबॉडी दोन तास. धुणे. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारे प्रथिन आणि त्याला जोडलेला रंग आणणारा विकर) २० मिनिटे, अंधारात. धुणे. मग टीएमबी, एचआरपीमुळे निळे होणारे द्रावण.

धुणे या शब्दाचा इतका पाढा उगाच नाही. प्रत्येक वेळी प्लेट उलटी करून कागदाच्या जाड थरावर ठोकायची, एकही थेंब राहू नये. न धुतलेले एचआरपी म्हणजे सगळीकडे सारखाच रंग. आणि बफरमध्ये सोडियम अॅझाइड नको. त्याने एचआरपी बंद पडते आणि दिवसाच्या शेवटी प्लेट पांढरी राहते.

स्टँडर्डची शिडी १,००० पिकोग्रॅम प्रति मिलिपासून निम्मी करत खाली: ५००, २५०, १२५, ६२.५, ३१.२, १५.६ आणि शून्य. प्रत्येकी दोन वेल्स. नमुन्यांच्या तीन वेल्स आधीच आहेत, म्हणून प्रत्येक नमुना एकदाच. ५४ नमुने आणि १६ स्टँडर्ड एका प्लेटवर मावतात. किती पातळ करायचे याचा अंदाज आधी दोन-तीन नमुन्यांवर घ्या. शून्य एलपीएसच्या नमुन्याला १:२ पुरते. चिडवलेल्या टीएनएफला १:१० पासून सुरुवात करा, २४ तासांच्या आयएल-६ ला अनेकदा १:५० लागते. पातळ करण्यासाठी तेच माध्यम घ्या ज्यात स्टँडर्ड केले आहेत.

टीएमबी घातल्यावर नजर प्लेटवर ठेवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत वरच्या स्टँडर्डमध्ये फिकट आकाशी धागा दिसतो, मग तो गडद निळा होत खालच्या रांगांत उतरत जातो. पत्रकात २० मिनिटे लिहिले असले तरी शून्याची वेल निळसर होऊ लागली तर थांबायची वेळ झाली. २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ५० मायक्रोलिटर, ज्या क्रमाने टीएमबी घातले त्याच क्रमाने. निळे क्षणात पिवळे होते. कुठे हिरवट झाक राहिली तर आम्ल नीट मिसळले नाही, प्लेट कडेने हलके ठोका. ३० मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरला वाचा आणि ५४० किंवा ५७० चे वाचन वजा करा.

स्टँडर्डच्या वाचनांवर चार-घटकी वक्र बसवा, सरळ रेघ नाही. सर्वांत वरच्या स्टँडर्डच्या पलीकडचा आकडा वहीत लिहू नका, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा. एकाच स्टँडर्डच्या दोन वेल्स ०.४१ आणि ०.६६ अशा आल्या तर सरासरी काढून पुढे जाऊ नका. तो फरक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) ३३ टक्के भरतो, १५ च्या वर गेला की पिपेटिंग किंवा धुणे चुकले आहे.

आकडे हातात आल्यावर

आधी शून्य एलपीएसच्या वेल्स. ६ तासांचे टीएनएफ तिथे शिडीच्या तळाशी किंवा त्याच्याही खाली असावे. तिथेच काही शे पिकोग्रॅम आले असतील तर बाकीचा तक्ता बाजूला ठेवा आणि पॉलिमिक्सिन-बी एकटे असलेली वेल बघा. ती गप्प असेल तर दोष एंडोटॉक्सिनचा, म्हणजे माध्यम, सीरम, पीबीएस एकेक बदलून तपासा. तीही बोलत असेल तर पेशी हाताळण्यातच चिडल्या आहेत. थंड रक्त, प्लेटलेट, मेलेल्या पेशी, या क्रमाने शोध घ्या.

मग मात्रेनुसार चढ दिसतो का ते. ०.१ पासून १०० पर्यंत सपाट आणि उंच रेघ असेल तर एलपीएस नीट पातळ झालेले नाही किंवा सगळ्या वेल्स आधीच चिडलेल्या आहेत. औषध तपासायला १०० नॅनोग्रॅमची मात्रा सोयीची वाटते, पण तिथे पेशी कमाल जोरात असतात आणि मध्यम ताकदीचे औषध निष्प्रभ दिसते. चढाच्या मधली मात्रा घ्या, बहुतेक वेळा ती १ च्या आसपास असते.

एका दात्याच्या तीन वेल्स म्हणजे तीन नमुने नव्हेत. संख्या दात्यांची मोजायची. तीन दाते, प्रत्येकी तीन वेल्स, तर संख्या ३, ९ नाही. वेल्स पिपेटिंगची चूक सांगतात, माणसामाणसांतला फरक सांगत नाहीत, आणि तो फरक कित्येक पटींचा असतो. म्हणून तुलना त्याच दात्याच्या औषधासह आणि औषधाविना वेल्सची करा, आकड्यांचा लॉगरिदम घेऊन जोडीची चाचणी लावा.

रुग्णांचे नमुने

निरोगी रक्तावर वरचे सगळे तीन वेळा सारखे जमल्याशिवाय रुग्णाचे रक्त मागू नका. रुग्ण आणि निरोगी दाता एकाच दिवशी, त्याच सीरमवर, त्याच प्लेटवर. सगळे रुग्ण जूनमध्ये आणि सगळे निरोगी सप्टेंबरमध्ये केले, तर सापडलेला फरक आजाराचा की नव्या सीरमचा, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. रक्ताची वेळही ठरलेली हवी, कॉर्टिसोल सकाळी उंच आणि रात्री खाली असते. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टीएनएफ-विरोधी औषध आणि त्याच्या शेवटच्या मात्रेची तारीख, अलीकडचा ताप, अलीकडची लस, हे सगळे रक्त घेतानाच लिहून घ्या.

पेशी साठवायच्या झाल्या तर ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला १ अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनमध्ये. मोनोसाइटना गोठणे सोसत नाही, त्यामुळे ताज्या आणि गोठवलेल्या पेशी एका आलेखात मिसळू नका.

संधिवाताच्या सीरममध्ये किंवा सांध्यातल्या द्रवात थेट सायटोकाइन मोजताना आणखी एक सापळा आहे. ऱ्हुमटॉइड फॅक्टर ही दुसऱ्या अँटिबॉडीच्या शेपटीला चिकटणारी अँटिबॉडी. एलायझामध्ये ती खालच्या आणि वरच्या अँटिबॉडीला परस्पर जोडते, मध्ये सायटोकाइन नसतानाही रंग येतो. शिवाय ती रुग्णांत असते आणि निरोगी दात्यांत बहुधा नसते, त्यामुळे खोटा फरक अगदी खऱ्यासारखा सुबक दिसतो. ओळखायला त्याच नमुन्यासाठी काही वेल्सवर पकडणाऱ्या अँटिबॉडीऐवजी त्याच प्राण्याची, पण सायटोकाइनशी संबंध नसलेली अँटिबॉडी लावा. तिथेही रंग आला तर नमुन्याच्या बफरमध्ये त्या प्राण्याचे साधे आयजीजी मिसळून पुन्हा मोजा. मग नमुन्यात माहीत असलेले, समजा २५० पिकोग्रॅम प्रति मिलि, टीएनएफ घालून ते परत किती मिळते ते बघा. ८० ते १२० टक्के मिळाले, आणि नमुना निम्मा पातळ केल्यावर आकडाही निम्मा झाला, की त्या नमुन्याचे वाचन वहीत उतरवायला हरकत नाही.